पवित्र पाण्यातले डास

प्रिय नोएमी,

तुझ्या खोलीला रंग देऊन झाला. भिंती पांढऱ्याच ठेवल्या, पण खिडकीच्या झडपा निळ्या केल्या, तुला हव्या होत्या तशा. तू शाळकरी होतीस तेव्हा हट्ट धरला होतास आणि बाबा म्हणाले होते, "निळ्या कशाला? बोटीवर राहतो का आपण?" आता हरकत घ्यायला ते नाहीत, म्हणून मी त्यांच्या फोटोकडे बघून विचारलं आणि ते हसतच होते, तेव्हा होकार समजले. पाळणा माळ्यावरून खाली काढलाय. त्याचा एक पाय अजून डुगडुगतो. बाबांनी तो तुझ्या वेळी बसवला तेव्हाही डुगडुगतच होता, त्यामुळे त्याला हात लावला नाही.

तू जानेवारीत फोन केलास, ती दुपार मला आठवते. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता आणि मी सुपासाठी लीकची पात सोलत होते. बाळाची बातमी तू आधीच दिली होतीस, त्यामुळे मी नेहमीचे प्रश्न विचारत होते, खातेस का, झोपतेस का. आणि तू एकदम म्हणालीस, "आई, मला वाटतं बाळ तिकडे व्हावं. आर्लच्या इस्पितळात, आणि मग माझ्या खोलीत." मी फोन टेबलावर ठेवून आधी हात पुसले. तुला वाटलं फोन कट झाला. तू दोनदा "हॅलो" केलंस. नोएमी, अठराव्या वर्षी "हे डासांचं गाव मला नको" म्हणून पार उत्तरेला, डंकर्कला निघून गेलेल्या मुलीच्या तोंडून हे ऐकल्यावर आईला आधी खुर्ची ओढून बसावं लागतं. बाबा गेल्यापासून तू उन्हाळ्यात आलीच नव्हतीस. मी कारण विचारलं नाही. त्यांच्याशिवाय हे अंगण बघवत नाही, हे मला न सांगता कळत होतं, कारण मला तर ते रोज बघावं लागत होतं.

डासांचं गाव तर खरंच आहे. मी नवी नवरी म्हणून इथं आले त्या संध्याकाळी अंगणातल्या टेबलावर बसले होते, शहरातले पातळ मोजे घालून. सूर्य मिठागरांच्या मागे गेला आणि बघता बघता माझे पाय सुजून लाल झाले. घरातल्या कुणालाच काही चावत नव्हतं, किंवा चावत असलं तरी ते बोलत नव्हते. तुझी आजी व्हिनेगरची बाटली घेऊन आली आणि पायांना चोळता चोळता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सिस्टरांच्या शाळेत साखर फार खायला घालतात वाटतं. रक्त गोड आहे सूनबाईंचं." मला रडू येत होतं. बाबा मात्र माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "रेजीन, ह्या डासांना नावं ठेवू नकोस. ते नसते तर पॅरिसच्या लोकांनी इथं हॉटेलं बांधली असती, आणि मला मिठागरात काम करण्याऐवजी कुणाच्या तरी बॅगा उचलाव्या लागल्या असत्या." असा माणूस. बायकोच्या पायांपेक्षा डासांची बाजू घेणारा.

पण लगेच दुसऱ्या रविवारी ते कुठूनतरी काचेची बरणी घेऊन आले. आत इवले इवले करडे मासे. आमच्या लग्नानंतर त्यांनी मला दिलेली ती पहिली भेट. फुलं नाहीत, अत्तर नाही, मासे. मी तोंडात बोट घातलं. त्यांनी ते मासे अंगणातल्या कपडे धुण्याच्या दगडी टाकीत सोडले आणि म्हणाले, "आता बघ, एक अळी शिल्लक ठेवणार नाहीत." मी धुणं धुताना ते माझ्या मनगटांना गुदगुल्या करायचे. तू चार-पाच वर्षांची झालीस तेव्हा तू त्यांना नावं दिली होतीस, सगळ्यांना एकच नाव, गास्तों, कारण ते ओळखू येत नाहीत आणि कुणाला वाईट वाटायला नको. आठवतं का तुला?

त्या डासांचं एक बरं होतं. ते वेळेचे पक्के होते. दिवे लागायच्या सुमाराला यायचे, गावाबाहेरच्या खाऱ्या तळ्याकडून, झुंडीनं, गात गात. आपण झडपा लावायच्या, शेणाच्या गोवऱ्या पेटवायच्या, धुरानं डोळे चोळायचे आणि दाराआड बसायचं. दिवस आपला, संध्याकाळ त्यांची. पिढ्यान्‌पिढ्या गावानं हा करार पाळला. म्हणूनच गेल्या काही वर्षांत जेव्हा तो दुसरा आला, काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो भर दुपारी येतो, आवाज करत नाही, टेबलाखालून घोट्यांना चावतो. सगळे त्याला वाघ म्हणतात. फुल्क्रांकाका तर मानायलाच तयार नव्हते. "दिवसा चावतो तो डास नव्हे," ते म्हणायचे, "दिवसा चावते ती माशी. मी इथं जन्मलो, मला शिकवू नका." काका आता ऐंशीच्या पुढे गेलेत. चर्चच्या किल्ल्या अजून त्यांच्याकडेच आहेत, घंटा तेच वाजवतात, आणि वाद घालण्याची ताकद घंटेपेक्षा जास्त आहे.

मे महिन्यात डास निर्मूलनवाल्या खात्यातली एक मुलगी गावात आली. ग्रामसभेच्या खोलीत तिनं सांगितलं की हा वाघ तळ्यावरून येत नाही. त्याला खारं पाणी नको, वारा नको, लांब उडणंही नको. तो आपल्याच घरी जन्मतो, कुंडीखालच्या ताटलीत, तुंबलेल्या पन्हाळीत, विसरलेल्या बादलीत, बाटलीच्या बुचात मावेल एवढ्या पाण्यात. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी मागून ओरडलं, "मग तळ्यावर विमान फिरवून औषध कुणासाठी मारता, बगळ्यांसाठी?" सगळे हसले. ती मुलगीही हसली आणि म्हणाली, ते दुसऱ्या डासांसाठी, त्यांचंही चालू राहील, पण डेंगी आणि चिकुनगुन्या हा वाघ आणतो. आणि मग तिनं जे सांगितलं त्यानं माझं हसू थांबलं. चिकुनगुन्याचा ताप बाळंतपणाच्या सुमारास आईला आला, तर तो बाळाला होऊ शकतो, आणि एवढ्याशा जिवाला तो फार जड जातो.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी मी कामाला लागले. तू येणार होतीस ऑगस्टमध्ये, मेरीमातेच्या सणाच्या आदल्या दिवशी. तोवर ह्या अंगणात चमचाभर पाणी साचू द्यायचं नाही असं मी ठरवलं. कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्यांत वाळू भरली. पन्हाळीत कबुतराचं घरटं आणि तुझं एक बॅडमिंटनचं फूल सापडलं. बाबांच्या पावसाच्या पिंपांवर बारीक जाळी ताणून बांधली. त्यांची लहान होडी उलटी केली, आणि उलटी करताना तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिले. अंजिराला टांगलेला टायर, तुझा झोका, त्यात पावसाचं पाणी होतं आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. शेजारची एन्कार्नामावशी म्हणाली, "दे फेकून, आता काय तू बसणार आहेस त्यावर?" मी फेकला नाही. तिच्याकडूनच ड्रिल आणून त्याला खालून भोकं पाडून घेतली. भोकं ती पाडत होती आणि मी टायर धरून उभी होते, तर म्हणते कशी, "घट्ट धर, रेजीन. तुझ्या नातवंडाच्या आधी माझा पाय जायचा." एन्कार्ना तुला माहीत आहे. तिचे आजोबा स्पेनहून द्राक्षं तोडायला आले आणि परत गेले नाहीत. तिची जीभ मात्र अजून कुठंच मुक्काम करत नाही.

दर शनिवारी मी सगळं पुन्हा तपासायचे. शनिवारच का, तर सिस्टर प्युल्शेरीमुळे. शाळेच्या वसतिगृहात शनिवारी प्रार्थनेच्या आधी आम्हां मुलींना सगळे तांबे, घागरी, बादल्या उपड्या करायला लागायच्या. सिस्टर प्रत्येक भांड्यात वाकून बघायच्या. त्यांचं नाक लांब होतं आणि ते पाण्याला टेकायचं. माझ्या बादलीत एकदा अळ्या सापडल्या तेव्हा सगळ्या रांगेसमोर त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "मादमोआझेल रेजीन, तुमच्या राज्यात प्रजा फार सुखात आहे." वर्षभर मला मुली महाराणी म्हणत होत्या. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आता दर शनिवारी वाकताना त्यांची आठवण येते, आणि मीही पाण्यापर्यंत नाक नेते.

दफनभूमीतही गेले. तिथं तर प्रत्येक थडग्यावर फुलदाणी आणि प्रत्येक फुलदाणीत पाणी. पंचायतीनं पाटी लावली, वाळूचा ढीग आणून टाकला, तरी कुणी हात लावेना. आपल्या माणसाच्या फुलांना पाणी घालू नका, हे ऐकायचं तरी कसं? सुरुवात मी बाबांपासून केली. त्यांच्या फुलदाणीत वाळू भरली, ती थोडी ओली केली आणि त्यात लव्हेंडर खोचलं. ते तिथं किती दिवस टिकलं म्हणून सांगू! मग मी त्यांना म्हटलं, तुमच्या लाडक्यांना तुमच्याच उशाशी उपाशी मारते आहे, रागावू नका, लेक येणार आहे. पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन थडग्यांवर वाळू दिसली, मग पलीकडच्या ओळीत. बायका एकमेकींच्या थडग्यांकडे बघून शिकतात, जशा पडद्यांकडे बघून शिकतात.

इतकं करूनही जूनच्या शेवटी वाघ होताच. आपल्या अंगणात कमी, पण चौकात, चर्चच्या आसपास, भरपूर. शनिवारी मी वेदीवरची फुलं बदलायला जाते, तर ओट्यावरच घोटे खाजायला लागायचे. आम्ही सगळ्यांनी चौकातलं कारंजं संशयित धरलं, मग बेकरीमागचे डबे, मग नव्यानं राहायला आलेल्या लियोंच्या लोकांची प्लास्टिकची पोहण्याची टाकी. फुल्क्रांकाकांनी तर पुन्हा तळ्याकडे बोट दाखवलं. ती खात्यातली मुलगी दोनदा येऊन सगळी गल्ली धुंडाळून गेली. ती बिचारी धर्मानं कुठली कोण जाणे, पण चर्चच्या ओट्यावर आली की आदरानं खाली बघून बाजूनं जायची.

आणि मग एका रविवारी एन्कार्नानं आत शिरताना दाराशेजारच्या दगडी भांड्यात बोटं बुडवली, कपाळाला लावली आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, हे हलतंय!" सगळे वळून बघायला लागले. ओट्यावरचं ते पवित्र पाण्याचं भांडं, उघड्यावरचं, ज्यात आपण सगळे येता-जाता बोटं बुडवतो. तळाशी शेवाळ आणि वर अळ्यांची नुसती वळवळ. नोएमी, गावात बाटलीच्या बुचातलं पाणी ओतून टाकलं होतं आम्ही. कोंबड्यांची भांडी उपडी केली होती. आणि हे मोठ्या परातीएवढं भांडं दिवसातून कितीदा तरी हातानं शिवून कुणाला दिसलं नव्हतं. कारण आम्हां कुणाच्या लेखी ते साचलेलं पाणी नव्हतंच. ते पवित्र पाणी होतं. काकांनी ते ईस्टरपासून एकदाही उपसलं नव्हतं, कमी झालं की नुसती भर घालत होते. "आशीर्वाद दिलेलं पाणी मी काय गटारात ओतू?" ते ओरडले. एन्कार्ना म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आपल्याला कॅथलिक डास चावत होते. तरीच म्हटलं, रविवारी जास्त कसे!"

काका भांड्यासमोर आडवे उभे राहिले. शेवटी मी फादरना फोन लावून दिला. त्यांच्याकडे आता पाच गावं आहेत, ते गाडीत होते. काकांनी सगळी हकीकत सांगितली, अगदी कबुलीजबाब दिल्यासारखी. फोनमधून फादरांचं हसणं आम्हां सगळ्यांना ऐकू आलं. "फुल्क्रां, ओत ते मातीत. मातीत चालतं. आपण डासांचा बाप्तिस्मा करत नाही." मग काकांनी एक एक मग भरून ते पाणी चर्चमागच्या कोरड्या मातीत ओतलं, प्रत्येक मगाला काहीतरी पुटपुटत. उन्हात त्या अळ्या क्षणात वाळल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, "रेजीन, तुझी नोएमी ह्याच पाण्यानं ख्रिस्ती झाली." मी म्हटलं, काका, ह्या पाण्यानं नाही, हे तर ह्या वर्षीचं. तर म्हणाले, "मी कधी पूर्ण उपसलंच नाही. थोडं तिचंही असेल त्यात." आता त्या भांड्यात पांढरी वाळू आहे, आणि आत एका झाकणाच्या बाटलीत थोडं पाणी.

पण त्याआधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या रविवारच्या आधी चर्चमध्ये लग्न झालं, बेकरीवाल्यांच्या मुलीचं. नवरा रेयुनियों बेटावरचा, तिकडून बरेच पाहुणे आले होते. फार गोड माणसं. त्यांतला एक वयस्कर पाहुणा लग्नभर ओट्यावर, सावलीत, त्या भांड्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता, कारण त्याला ताप होता आणि सांधे दुखत होते. प्रवासाचा शीण असेल, म्हणाला. मी त्याला लिंबाचं सरबत नेऊन दिलं. त्याचा काय दोष? तो तिथं बसला, वाघांनी त्याचं रक्त प्यायलं, तापासकट, आणि मग ते वाघ आम्हां सगळ्यांसाठी तिथंच थांबले.

जुलैच्या शेवटी गावातल्या एकाला चिकुनगुन्या झाल्याचं निघालं. खात्याची माणसं पांढरे कपडे घालून पहाटे आली, गल्लीभर औषध फवारलं, आम्हांला खिडक्या लावून आत बसायला सांगितलं. त्यांनी नाव सांगितलं नाही, तसा नियमच आहे. मग काय, गावाला आठवडाभर दुसरं काम उरलं नाही. बेकरीत जो लंगडेल तो संशयित. एन्कार्ना सगळ्यांना सांगत सुटली की मेयरच असणार, तो गेले काही दिवस वाकून चालतो आहे, आणि तो बिचारा ताठ चालून दाखवतो आहे. मला हे सगळं ती सूप घेऊन येते तेव्हा सांगते. ती रोज सूप आणते, आणि मी हसले की म्हणते, हसू नकोस, सांडेल.

तर नोएमी, तो मेयर नाही. मीच आहे. हे पत्र मी तुझ्या खोलीत नाही, आमच्या जुन्या पलंगावर मच्छरदाणीत बसून लिहिते आहे, भर दुपारी, चार-चार ओळींनी थांबत, कारण बोटं मिटत नाहीत. ताप आता उतरलाय, डॉक्टर म्हणतात धोका टळला, सांधे मात्र वेळ घेतील. ही मच्छरदाणी मला डासांपासून वाचवायला नव्हती, माझ्यापासून एन्कार्नाला आणि काकांना वाचवायला होती, आणि आता गरज नाही म्हणाले तरी मी बाहेर यायला धजत नाही. फोन मुद्दाम टाळले. दोनदा घाईत बोलले तेव्हा तू विचारलंस, आवाज असा का, आणि मी धुळीचं कारण दिलं. खरं सांगितलं असतं तर तू पुढच्या गाडीत बसली असतीस. गल्लीत अजून कुणाकुणाला कळायचं आहे, भांड्यातून उडालेले वाघ अजून मेलेले नाहीत, आणि तुझे दिवस भरत आलेत. मी तुला कधी कुठं जाण्यापासून अडवलं नाही, जाताना नाही आणि परत येतानाही नाही. आज अडवते आहे. खोली तशीच राहू दे, झडपांचा रंग काही उडून जात नाही. डॉक्टरांनी होकार दिला की मी तिकडे येते, डंकर्कला, जिथं बोलावून बोलावून तू दमलीस आणि मी दरवेळी बागेचं निमित्त सांगितलं. काठी घेऊन येईन, हळूहळू येईन, स्टेशनवर पोट घेऊन उभी राहू नकोस, मी विचारत विचारत घर शोधीन. बाळाला आधी तू घे, मग मला दे, माझ्या बोटांना तोवर पकड आलेली असेल. पण तू येऊ नकोस, बाळा. हे दोन शब्द लिहायला मला एवढी पानं लागली.

तुझीच,
आई